पहिल्या तारखेपासून कडक कायदा

निपाणीजवळच्या एका मंगल कार्यालयासमोर, भर दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, विक्रमराव नावाचे सद्गृहस्थ आपली परवान्याची दुनळी बंदूक साफ करत होते. साफसफाईच्या सोयीसाठी ते उघड्या जीपच्या बॉनेटवर उभे होते. पुढं बँड वाजत होता, मागं नवरदेवाची घोडी नाचत होती. नळी आभाळाकडं करून आत धूळ आहे का ते बघत असताना एक बार आपोआप उडाला. त्या आवाजानं घोडी बुजली, जीप हलली, विक्रमराव डगमगले आणि नळी वऱ्हाडाकडं वळल्यावर दुसरा बारही आपोआप उडाला. पंचनामा इथं संपतो. वडगावहून लग्नाला आलेल्या गुंडूच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट यांचा त्यात उल्लेख नाही, कारण पंचनामा बंदुकीचा होता.

आनंदाच्या भरात बार उडवणं हा गुन्हा आहे, हे ठाण्यातल्या साहेबांना पाठ होतं. म्हणूनच त्यांनी विक्रमरावांना समोर बसवून स्पष्ट विचारलं, "बार उडाला तेव्हा तुम्हाला आनंद झाला होता का?"

"न्हाय बा," विक्रमराव म्हणाले. "पोरगी आमच्याच भावकीतली. सासरी जाणार म्हणून जीव कसा गलबलल्याला."

आनंद सिद्ध होत नसल्यामुळे कलम लागू शकलं नाही. बंदूक मालकाला परत मिळाली. परत देण्यापूर्वी ठाण्यात ती तपासण्यात आली आणि खरोखरच स्वच्छ आढळली.

गुंडू वडगावात यंत्रमागावर साड्या विणायचा. मागावर धागा तुटला की तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची, यातच त्याची सगळी हुशारी होती. आता तो डाव्या हातानं धागा धरून दातानं गाठ ओढायचा. दहा गाठींमागं तीन सुटायच्या. तो कुणाला काही बोलायचा नाही. मग बोलण्याची जबाबदारी त्याच्या थोरल्या भावानं, नागेंद्रनं, आपल्या अंगावर घेतली.

नागेंद्र एका हायस्कुलात कारकून होता. अर्ज लिहिण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. नीट लिहिलेल्या अर्जाला सरकार कधी ना कधी उत्तर देतंच, यावर त्याची श्रद्धा होती. वयाची पन्नाशी आली तरी ती टिकली होती, यावरून तिचा चिवटपणा लक्षात यावा. त्यानं तीन संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. ज्यांना रानडुकरांपासून पीक राखायचं आहे, किंवा ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे, अशांनाच बंदूक मिळावी. ती गरज दरवर्षी नव्यानं तपासावी. लग्न, मिरवणूक, वाढदिवस इथं बंदूक दिसली तरी परवाना रद्द व्हावा, मग ती साफ करायला आणलेली असो की मिरवायला. आणि ज्याच्या बंदुकीनं माणूस जखमी झाला त्याच्या हातात ती पुन्हा कधी पडू नये. अर्जात एकही शिवी नव्हती. बायको मनिषानं तो ऐकला आणि डोळे पुसले.

हा अर्ज घेऊन तो बेळगावच्या मोठ्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर गेला. खिडकीत आण्णाप्पा नावाचे लेखनिक होते. त्यांनी अर्ज उलटसुलट बघितला आणि "कन्नडात आणा" म्हणाले. नागेंद्र दुसऱ्या दिवशी कन्नडात लिहून घेऊन गेला. आण्णाप्पांनी संगणकावर बोट ठेवलं.

"इषय?"

"बंदुकीच्या परवान्याचा कायदा कडक करावा."

आण्णाप्पांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. "कडक न्हाय यात. नवीन हाय, नूतनीकरण हाय, आणि हरवली हाय. तुमची हरवल्या का?"

"माझ्याकडं बंदूकच न्हाय."

"मग नवीन." आण्णाप्पांनी बटण दाबलं.

"अहो, मला बंदूक नको. कुणालाच उगाच मिळू नये म्हणतोय मी."

"ते आत लिवलंय न्हवं? सायेब वाचतील की. भायेरचा इषय नुसता मशीनसाठी असतोय, अण्णा. मशीनला आतलं कळत न्हाय आन् सायबास्नी भायेरचं."

नागेंद्रला पोचपावती मिळाली. सरकारनं आपला अर्ज घेतला, याच समाधानात तो घरी आला. पावतीवर काय छापलंय ते त्यानं वाचलं नाही. आयुष्यात न वाचता घडी घातलेला त्याचा हा पहिलाच कागद.

बाराव्या दिवशी सकाळी हवालदार शामू दारात उभे राहिले. खुर्चीवर बसून, चहा घेऊन, त्यांनी वही उघडली. "नवीन बंदूक परवाना. अर्जदार नागेंद्र. चौकशीला आलोय. बंदूक कशाला पायजे?"

नागेंद्रनं सगळी हकीकत सांगितली. शामूंनी ती मन लावून ऐकली, गुंडूचा हात बघून चुकचुकले, आणि म्हणाले, "वाईट झालं. पर बंदूक कशाला पायजे?"

"नकोय. अर्ज मागं घेतो."

शामूंनी पेन खाली ठेवलं. "अण्णा, तसं करू नगा. चौकशी सुरू झाल्यावर अर्जदारानं माघार घेतली, असं मला लिवावं लागंल. म्हंजे संशय आला. आन् तुमच्या आरोहीचा पासपोर्ट माझ्याकडंच हाय चौकशीला. एकाच घरात एक इसम संशयास्पद आन् दुसरा चोख, हे वर पटवायचं कसं?"

नागेंद्रच्या लेकीला, आरोहीला, जर्मनीत नर्सचं काम मिळालं होतं. तिथं दोन महिन्यांत हजर व्हायचं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. नागेंद्रला तिच्याकडं बघवेना.

"मग काय लिहायचं ते लिहा," तो म्हणाला.

"तुमच्या जिवाला धोका हाय का?"

"कुणाकडून असणार? मी कारकून माणूस."

"तुम्ही बंदूकवाल्यांच्या इरुद्ध अर्ज केलाय. जिल्ह्यातला हरएक बंदूकवाला तुमचा वैरी झाला का न्हाय? आन् वैऱ्याकडं काय हाय? बंदूक. तुमच्याकडं काय हाय? अर्ज." शामूंना स्वतःच्याच बोलण्याची काळजी वाटू लागली. "अण्णा, तुमच्याइतका धोका ह्या तालुक्यात कुणालाच न्हाय की वो!"

अशा रीतीनं, कडक कायदा मागितल्यामुळं जिवाला निर्माण झालेल्या धोक्यापासून संरक्षण म्हणून, नागेंद्रला बंदूक देण्याची शिफारस झाली.

परवाना एकोणचाळिसाव्या दिवशी घरपोच आला. याच एकोणचाळीस दिवसांत गुंडू अपंगत्वाच्या दाखल्यासाठी हेलपाटे मारत होता. पहिल्या खेपेला ठसे घेणाऱ्या यंत्रावर उजव्या हाताची तर्जनी ठेवायला सांगितली. ती नाही म्हणूनच आलोय, असं गुंडूनं सांगितल्यावर आतून निरोप आला की, बोट नसल्याचं दिसतंच आहे, पण पूर्वी होतं याचा पुरावा जोडा. गुंडूनं स्वतःच्या लग्नाचा फोटो नेला. फोटोत त्याचा उजवा हात शालीखाली होता. फोटो परत आला.

परवान्याच्या पुस्तिकेत एक अट बारीक अक्षरात होती. ठरलेल्या मुदतीत शस्त्र घेतलं नाही, तर न घेण्याची कारणं समक्ष हजर होऊन सांगायची. कारणं समाधानकारक नसल्यास फेरचौकशी. फेरचौकशी म्हणजे शामू, आणि आरोहीचा पासपोर्ट अजून आला नव्हता. नागेंद्र दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, नवा माल यायला सहा महिने. जुनी हवी असेल तर एक जण विकायची म्हणतोय. स्वच्छ आहे.

विक्रमराव स्वतः वडगावात आले. दारात चपला काढल्या, मनिषाला "आक्का" म्हणून हात जोडले, गुंडूची विचारपूस केली आणि सोबत फळं आणली होती ती त्याच्या डाव्या हातात दिली. मग नागेंद्रला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, मलाबी ती आता घरात नजरंसमोर नगो वाटतीया. बघितली की त्यो दिवस आठवतोय. तुमच्यासारख्या जबाबदार माणसाच्या हातात गेली तर माझ्या मनाला शांती मिळंल."

नागेंद्र त्या दिवशी जेवला नाही. मग त्यानं विचार केला. विचार करण्याची त्याला सवय होती आणि सवयीच्या माणसाला विचार कधी निराश करत नाही. विक्रमच्या हातून बंदूक काढून घ्यावी, हीच तर अर्जातली मागणी होती! सरकारनं ती काढली नाही, आपण काढतोय. जिल्ह्यातली एक बंदूक बेजबाबदार हातातून जबाबदार हातात येते आहे. म्हणजे हा चळवळीचा पहिला विजयच म्हणायला हवा.

मनिषाला हा विजय समजला नाही. "ज्या नळीनं भाऊजींची बोटं गेली, ती आणून घरात ठेवणार?" ती म्हणाली. "आन् खंडेनवमीला मी तिला हळदीकुंकू लावायचं, व्हय?"

"आरोहीचा पासपोर्ट येऊस्तवर गं," नागेंद्र म्हणाला. "आला की दुसऱ्या दिवशी जमा करतो."

गुंडूनं ऐकलं. तो म्हणाला, "येऊ दे वहिनी. पोरीचं काम हुतंय न्हवं?" आणि मागावर जाऊन बसला.

आठ दिवसांनी कळलं की, बंदूक विकल्यामुळं विक्रमरावांच्या परवान्यावर जागा रिकामी झाली आणि त्यांनी तिथं पिस्तूल घेतलं. ते साफ करायला अधिक सोपं असतं.

बंदूक लोखंडी कपाटात कुलूपबंद झाली. नागेंद्रनं ती कुणाला दाखवली नाही की कुणाला सांगितलं नाही. पण वडगावात गोष्ट लपत नाही. पहिला बदल हेडमास्तरांत झाला. "ए नागेंद्र, तो हजेरीपट आण" म्हणणारे हेडमास्तर एके दिवशी "नागेंद्रअण्णा, सवड झाली की बघा" म्हणाले. गल्लीत नळाला पाणी आलं की मनिषाची घागर आपोआप पुढं सरकू लागली. शेजारच्या बांधकामवाल्यानं रस्त्यावरची वाळू न सांगता हलवली; तिच्यासाठी नागेंद्रनं नगरपालिकेला सात अर्ज केले होते. लग्नात त्याला पहिल्या रांगेत बसवून फेटा बांधायला लागले. तो मनाशी म्हणायचा, लोकांना अखेर माझ्या विचारांची किंमत कळली.

परवान्याची पुस्तिका तो शर्टाच्या खिशात ठेवू लागला. कुणी मागितली तर दाखवता यावी म्हणून. कुणी मागत नसे, तेव्हा ती थोडी वर काढून ठेवावी लागे.

आरोहीचा पासपोर्ट आला. ती विमानात बसली, तिकडं पोचली, फोनवर बर्फ दाखवू लागली. मनिषानं दोनदा आठवण करून दिली. नागेंद्र म्हणाला, "असं एकदम जमा करता येत नाही. त्याला पद्धत असते." हे मात्र खोटं होतं. त्याला पद्धत नव्हती. ठाण्यात नेऊन दिली की झालं.

आणि मग ज्याची कुणी कल्पना केली नव्हती ते घडलं. कचेरीत बदलून आलेल्या नव्या मॅडमनी आतला अर्ज वाचला.

नुसता वाचला नाही, तर त्याच्या प्रती काढल्या आणि जिल्ह्यातल्या परवानाधारकांची सल्लागार सभा बोलावली. सभेचं पत्र नागेंद्रलाही आलं, कारण तो परवानाधारक होता. सभागृहात दीडएकशे माणसं होती. बसायला जागा नव्हती, पण नागेंद्रला बघून विक्रमरावांनी शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरली होती.

मॅडम उभ्या राहिल्या. "इतका समजून लिहिलेला अर्ज माझ्या नोकरीत मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "याप्रमाणे जिल्ह्यापुरता नियम करायला मी तयार आहे. ज्यांना खरी गरज दाखवता येणार नाही त्यांनी तीस दिवसांत बंदूक जमा करायची. तुमचं म्हणणं नोंदवून घेते आणि आजच वर पाठवते. या अर्जाचे लेखक इथं हजर आहेत असं कळलं. नागेंद्र कोण?"

नागेंद्र उभा राहिला. दीडशे डोक्यांची एकदम हालचाल झाली. आयुष्यभर ज्या क्षणाची त्यानं वाट बघितली तो क्षण आला होता: नीट लिहिलेल्या अर्जाला सरकार उत्तर देत होतं. त्याला सहीसाठी पेन काढायचं होतं. हात खिशाकडं गेला आणि पुस्तिकेवर पडला.

"तुमच्या परवान्यावर जिवाला धोका असं कारण आहे," मॅडम कागद बघत म्हणाल्या. "धोका कुणाकडून?"

"जिल्ह्यातल्या... सगळ्या परवानाधारकांकडून."

"ते तर सगळे इथंच आहेत. आत्ताच त्यांनी तुम्हाला चहा आणून दिला." मॅडम हसल्या. "म्हणजे पहिली बंदूक तुमचीच जमा होणार. लिहून घेऊ ना? सुरुवात लेखकापासून झाली तर बाकीच्यांना बोलायला तोंड राहणार नाही."

विक्रमरावांनी त्याच्या कानाला तोंड लावलं. "अण्णा, उद्यापासनं हेडमास्तर परत हजेरीपट मागंल बघा."

नागेंद्रला हेडमास्तर दिसले. नळावरची घागर दिसली. वाळूचा ढीग दिसला. गुंडूचा हातही दिसला, असं तो पुढं सांगत असे. पण तो त्या रांगेत कितवा होता, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

"मॅडम," तो घसा खाकरून म्हणाला, "कायदा कडक पाहिजेच. या मागणीवर मी ठाम आहे. माझ्या भावाची दोन बोटं गेली आहेत. फक्त अर्जात एक छोटी दुरुस्ती सुचवतो. ज्यांची एकदा रीतसर चौकशी होऊन परवाना मिळाला, त्यांना पुन्हा छळणं हा त्यांच्या प्रामाणिकपणावर अन्याय आहे. सबब, हा कडक नियम नवीन अर्जदारांना लागू करावा. येत्या पहिल्या तारखेपासून."

सभागृहात टाळ्या पडल्या. दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. मॅडमनी ती जशीच्या तशी नोंदवून घेतली आणि पेनाला टोपण लावलं. बाहेर विक्रमरावांनी त्याच्या गळ्यात हार घातला. कायदा कडक करण्याच्या जिल्ह्यातल्या पहिल्या लढ्याचा विजय म्हणून फोटोही निघाला. त्यात शेवटच्या रांगेत आण्णाप्पा आहेत.

हार हातात घेऊन नागेंद्र थेट मागाच्या शेडमध्ये गेला. गुंडू धागा जोडत होता.

"झालं रं गुंडू! मंजूर झालं. आता नव्या माणसाला बंदूक मिळणं सोपं न्हाय बघ."

गुंडूनं दातातला धागा सोडला, माग बंद केला. आवाज थांबल्यावर शेड मोठी वाटू लागली.

"दादा," त्यानं विचारलं, "माझ्यावर बार उडवला त्यो माणूस नवा हुता का जुना?"

हार कुठं ठेवावा ते नागेंद्रला कळेना. गुंडूनंच तो घेतला, खुंटीला अडकवला आणि पुन्हा माग चालू केला. गाठ सुटली होती, ती त्यानं पहिल्यापासून मारायला घेतली.

त्या दिवसापासून तीन नंबरच्या खिडकीसमोर रांग आहे. पहिल्या तारखेनंतर मिळणार नाही म्हटल्यावर ज्यांनी जन्मात बंदुकीचा विचार केला नव्हता, तेही आले आहेत. शाळामास्तर आहेत, दवाखान्यातले आहेत, एक कीर्तनकार आहेत. सगळ्यांचं म्हणणं एकच: कायदा कडक झाला हे फार चांगलं झालं; आपलं तेवढं आधी होऊन जाऊ दे.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे हळहळले. गुंडूच्या बोटांबद्दल त्यांनी विचारलं, विक्रमरावांना दोन शब्द सुनावले, नागेंद्रची तर कीव केली. आणि उठताना, चपला घालता घालता, आवाज उतरवून विचारलं, "कचेरी कितीपर्यंत उघडी असते?"

तुमचंही हळहळून झालं असेल, तर सांगतो. साडेपाचपर्यंत. पण रांग मोठी आहे, सकाळीच जा.